आयरिशमधील 'शूल': चालण्याच्या शब्दाचे मूळ आणि व्याकरण

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे हे उत्तर नेमके कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुमची मुलगी आयर्लंडमधल्या गॉलवेच्या प्राथमिक शाळेत आयरिश शिकते आहे. तिच्या गृहपाठात 'चालणे' या अर्थाचा शब्द कधी 'शूल', कधी 'शूइल', कधी 'ह्यूइल', तर कधी 'शूलन' असा येतो, आणि यातले मूळ रूप कोणते हे कोश उघडूनही तुम्हाला ठरवता आले नाही. शिवाय 'काय चालले आहे?' असे विचारतानाही आयरिश माणूस हाच शब्द वापरतो, हे कानावर आल्यापासून या शब्दाचे आपल्या 'चालणे'शी किंवा संस्कृत 'चल्'शी जुने नाते असावे अशी शंका तुमच्या मनात आहे.

मी प्रौढांना आयरिश शिकवते आणि माझे मूळ शिक्षण ऐतिहासिक भाषाशास्त्राचे आहे, त्यामुळे हे दोन्ही प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतात. माझ्या मते तुमची खरी अडचण रूपांच्या संख्येची नाही. मराठीत 'चाल' हा धातू आधी आणि त्यापासून 'चालणे' हे नाम, असा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला असतो आणि तोच क्रम आपण नकळत येथेही शोधू लागतो. या शब्दाच्या बाबतीत तो उलटा आहे. येथे नाम आधी आहे, क्रियापद त्याच्यावर उभे राहिलेले आहे. एवढे मान्य केले की बाकीची रूपे आपापल्या जागी बसतात.

लेखनाबद्दल एक खुलासा करते. मूळ शब्द रोमन लिपीत एस, आय, यू, एल असा लिहितात आणि 'यू'वर दीर्घत्व दाखवणारी तिरकी रेघ देतात. देवनागरीत मी त्याला 'शूल' लिहीत आहे. वेदना या अर्थाच्या आपल्या 'शूल'शी त्याचा काहीही संबंध नाही. 'शूइल' या रूपात रोमन लिपीत 'एल'च्या आधी आणखी एक 'आय' येतो. तो वेगळा स्वर म्हणून उच्चारायचा नसतो, पुढचा 'ल' तालव्य आहे एवढेच तो सांगतो. आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजनाचे असे दोन प्रकार आहेत, एक जाड आणि एक तालव्य. हे ऐकून मराठी विद्यार्थी गोंधळतात तेव्हा मी त्यांना 'माझा' आणि 'माझी' हे दोन शब्द सावकाश म्हणायला सांगते. 'माझा'मधला झ दातांजवळ होतो आणि 'माझी'मधला टाळूजवळ. अक्षर एकच, ध्वनी दोन. 'शूल'च्या शेवटी जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकते आणि जिभेचा मागचा भाग किंचित उचललेला राहतो. 'शूइल'मध्ये जिभेचा मधला भाग टाळूकडे चढतो आणि ऐकताना 'शूल्य'चा भास होतो. हा फरक केवळ उच्चाराचा नसून अर्थाचा आहे: 'शूल' म्हणजे चालणे आणि 'शूइल' म्हणजे 'चाल!' अशी एकाला केलेली आज्ञा.

कोशातला गोंधळ येथेच सुरू होतो. मराठी कोश क्रियापद 'चालणे' असे णे-रूपात देतात. आयरिश कोश ते एकवचनी आज्ञार्थात देतात, म्हणून क्रियापदाची नोंद 'शूइल' खाली सापडते आणि नामाची नोंद 'शूल' खाली स्वतंत्र असते. शाळेच्या पुस्तकात मात्र पहिले वाक्य बहुधा 'ता मे अ शूल', म्हणजे 'मी चालत आहे', असे असते आणि त्यात नाम वापरलेले असते. कोश आणि पुस्तक यांनी आपापल्या सोयीने दोन वेगळी दारे उघडलेली आहेत, पण घर एकच आहे.

आता मुळाकडे वळते. मध्ययुगीन आयरिशमध्ये, म्हणजे साधारण इसवी सन ९०० ते १२०० या काळात, 'सिउबल' असे लिहिलेले नाम आढळते. त्याचे अर्थ चालणे, हालचाल आणि प्रवास असे आहेत. त्यातले 'ब' हे अक्षर उच्चारात 'व' होते, कारण दोन स्वरांमधले ब त्या भाषेत मृदू होत असे आणि जुने लेखनिक ते मृदुत्व दाखवत नसत. पुढे ते दाखवण्यासाठी 'ब'च्या डोक्यावर टिंब देऊ लागले, आणि रोमन छपाईत त्या टिंबाच्या जागी 'एच' हे अक्षर आले. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुस्तकांत हा शब्द 'सिउभल' अशा वळणाने छापलेला दिसतो. उच्चारात तोवर त्या 'व'चा 'उ' होऊन आधीच्या स्वरात मिसळलेला होता आणि दोन अक्षरांचा शब्द एका दीर्घ अक्षराचा झाला होता. १९४५ साली लेखनसुधारणेची नियमावली प्रसिद्ध झाली आणि १९५८ साली प्रमाण व्याकरण व लेखन एकत्र आले, तेव्हा जुन्या लेखनातले मूक 'भ' काढून दीर्घ 'यू' ठेवण्यात आला. सफरचंदाच्या 'उभल्' या शब्दाचा आज 'ऊल' झाला आहे तोही याच वाटेने. आपल्याकडे 'लवण'चे 'लोण' झाले त्यातही 'व' असाच स्वरात विरघळला आहे, त्यामुळे मराठी माणसाला हा बदल परका वाटू नये.

या नामापासून 'सिउब्लद' असे क्रियापद घडले. ते जुन्या मूळ क्रियापदांच्या गटातले नाही. नामाला प्रत्यय जोडून बनवलेल्या नियमित क्रियापदांच्या गटातले आहे. त्याआधीच्या जुन्या आयरिशमध्ये 'जाणे' यासाठी 'तेत' आणि 'पाऊल टाकणे' यासाठी 'किंगिद' अशी भक्कम क्रियापदे होतीच. 'किंगिद' पुढे लोप पावले, पण त्याचे नाम 'केम' अजून जिवंत आहे. त्याचा अर्थ पाऊल किंवा पायरी, आणि विद्यापीठाची पदवीही. ('पदवी' या शब्दाचा संस्कृतातला जुना अर्थ पाऊलवाट असा आहे, तेव्हा हे अर्थांतर आपल्याला ओळखीचे वाटेल.) जुनी क्रियापदे झिजली आणि जे नाम सर्वांच्या तोंडी होते त्यानेच क्रियापदाची जागा भरून काढली, असा हा इतिहास आहे.

'सिउबल'च्याही मागे काय होते, याबद्दल अभ्यासकांमध्ये एकमत नाही. जे मत सर्वांत जास्त उद्धृत होते ते अलेक्झांडर मॅकबेन यांनी १८९६ च्या त्यांच्या स्कॉटिश गेलिक व्युत्पत्तिकोशात मांडलेले आहे. त्यांनी या शब्दाचा संबंध हलणे-डोलणे या अर्थाच्या वेल्श 'ख्विव'शी आणि इंग्रजी 'स्विम'शी जोडला, म्हणजे मुळाशी 'स्वेम्' असा, हालचालीचा अर्थ असलेला धातू मानला. याची पहिली पायरी पक्की आहे. जिथे मूळ भाषेत 'स्व' होता तिथे वेल्शमध्ये 'ख्व' येतो आणि आयरिशमध्ये नुसता 'स' उरतो. संस्कृत 'स्वसृ', वेल्श 'ख्वाइर' आणि आयरिश 'शूर' हे तिन्ही शब्द बहिणीचे आहेत आणि एकाच मुळाचे आहेत. (आजच्या आयरिशमध्ये 'शूर' हा शब्द मठातल्या भगिनींसाठी राहिला आहे, सख्ख्या बहिणीला 'खरी बहीण' अशा अर्थाचा जोडशब्द वापरतात.) अडचण पुढच्या पायरीवर येते. मूळ व्यंजन 'म' असते तर जुन्या लेखनात ते 'म'नेच लिहिले गेले असते, कारण मृदू झालेला 'म' नाकातून उच्चारला जाई आणि लेखनिक तो 'ब'पासून वेगळा ठेवत. हा शब्द मात्र 'ब'ने लिहिलेला मिळतो. नंतरच्या काळात ते नाकातले उच्चारण गळून दोन्ही ध्वनी एक झाले आणि लेखनात सरमिसळ झाली हे खरे असले, तरी तेवढ्या आधारावर मी मॅकबेन यांचे मत सिद्ध झालेले मानत नाही. वर्गात मी ते एक शक्यता म्हणूनच सांगते.

'चल्'शी नाते नाही हे मात्र मी ठामपणे सांगू शकते, आणि त्याचे कारण ध्वनींच्या नियमित जोड्यांमध्ये आहे. आपल्या 'चार'ला आयरिशमध्ये 'क्याहिर' म्हणतात. मुळात तेथे 'क्व' असा ध्वनी होता, संस्कृतात पुढच्या तालव्य स्वरामुळे त्याचा 'च' झाला आणि आयरिशमध्ये तो 'क' राहिला. 'पञ्च'ला आयरिश 'कूग' आहे, त्यातही 'च'च्या समोर अखेरीस कंठ्य ध्वनीच येतो. म्हणजे 'चल्' किंवा 'चर्' यांचा आयरिश भाऊबंद शोधायचा असेल तर तो 'क'च्या कुळात शोधला पाहिजे. आयरिशचा शब्दारंभीचा 'श' हा जुन्या 'स'चा वारस आहे: आपल्या 'सप्त'च्या समोर तेथे 'शाख्त' येतो, आणि 'सनातन'मधल्या 'सन'च्या, म्हणजे जुन्याच्या, समोर 'शान'. 'शूल' आणि 'चाल' कानाला जवळचे वाटतात ते दोन्ही भाषांत पुढे झालेल्या बदलांमुळे. जितके मागे जावे तितके ते एकमेकांपासून दूर होत जातात.

पण तुमची शंका अगदीच वाया गेली असे नाही, कारण 'चर्'चा खरा नातेवाईक तुमच्या मुलीला रोज भेटत असणार. आयरिशमध्ये मुलाला 'बुअखिल' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ गुराखी असा आहे आणि तो दोन तुकड्यांचा आहे: पहिला गाईचा, जो आपल्या 'गो'चा सख्खा भाऊ आहे, आणि दुसरा फिरणे, राखत हिंडणे या अर्थाच्या त्याच धातूचा, ज्यापासून संस्कृत 'चर्' आणि आपले 'चरणे', 'चारणे' आले. ग्रीकमध्ये गुराख्याला 'बूकोलोस' म्हणत, वेल्शमध्ये मेंढपाळाला 'बिगाइल' म्हणतात, आणि आपला 'गोचर' हा शब्द जोडताना याच दोन धातूंचा उपयोग झाला आहे. संस्कृत 'चल्' हे 'चर्'चेच 'ल'कार असलेले रूप मानतात आणि आपले 'चालणे' प्राकृत 'चल्लइ'मार्फत तेथून आले आहे. तेव्हा 'चालणे'चे आयरिश सोयरे हवे असतील तर ते 'बुअखिल'मध्ये आहेत, 'शूल'मध्ये नाहीत. असे शोध लागले की मला अजूनही मनापासून आनंद होतो, कारण वरवरचे साम्य बाजूला ठेवल्याशिवाय ते हाती लागत नाहीत.

व्याकरणात शिरताना मी विद्यार्थ्यांना प्रथम 'अ शूल' हा तुकडा पक्का करायला सांगते. लिहिताना तो 'अग शूल' असा आहे, पण व्यंजनापुढे 'ग' उच्चारला जात नाही. 'अग'चा अर्थ 'पाशी', म्हणून 'ता मे अ शूल' म्हणजे शब्दशः 'मी चालण्यापाशी आहे', आणि प्रत्यक्षात 'मी चालत आहे'. 'शूल' येथे नामच आहे, आणि त्याचा पुरावा कर्म जोडले की लगेच मिळतो: 'अ शूल अन वोहिर' म्हणजे 'रस्ता चालत', पण रस्त्याचा शब्द 'बोहर' येथे षष्ठीत जाऊन 'वोहिर' झालेला आहे, जणू 'रस्त्याचे चालणे'. आपणही 'पुस्तक वाचतो' म्हणतो, पण नाम आले की 'पुस्तकाचे वाचन' म्हणतो. नियम तोच आहे. ('बोहर'मध्येही गाय दडलेली आहे. कॉरमक या दक्षिण आयर्लंडमधल्या मन्स्टर प्रांताच्या राजा-बिशपच्या नावे असलेल्या जुन्या शब्दसंग्रहात, एक गाय उभी आणि एक आडवी मावेल एवढ्या रुंदीचा रस्ता म्हणजे 'बोहर', असे सांगितले आहे. कॉरमक ९०८ साली मरण पावला.)

यानंतर मराठी विद्यार्थ्याला एक मोठा फायदा मिळतो आणि तो त्याने अवश्य घ्यावा. आयरिशमध्ये 'असणे'ची दोन वर्तमान रूपे आहेत, एक आत्ताच्या स्थितीचे आणि एक नेहमीच्या स्थितीचे, आणि त्यांत गल्लत चालत नाही. 'ता मे अ शूल' म्हणजे मी आत्ता चालत आहे. 'बीम अ शूल' म्हणजे मी चालत असतो. आणि नुसते 'शूलिम' म्हणजे मी चालतो, ही सवय आहे. 'आहे' आणि 'असतो' यांतला भेद आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. इंग्रजीतून विचार करणारा विद्यार्थी 'रोज'च्या वाक्यात 'ता' घालतो. तोच विद्यार्थी वाक्य मराठीत मनाशी म्हणून पाहू लागला की 'बीम' आपोआप येते, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. भूतकाळातही तसेच आहे. 'ह्यूइल शे' म्हणजे तो चालला, आणि 'ह्यूलद शे' म्हणजे तो चालत असे. शाळेतल्या मराठी व्याकरणातला रीतिभूतकाळ आयरिशमध्ये स्वतंत्र प्रत्यय घेऊन उभा आहे.

'ह्यूइल'मधला 'ह्य' कोठून आला, हे तुम्ही विचारले होते. पूर्वी भूतकाळी क्रियापदाच्या आधी 'दो' हे अव्यय येत असे आणि त्याच्यामुळे पुढचे व्यंजन मृदू होई; मृदू झालेल्या 'स'चा उच्चार 'ह' होतो. मन्स्टरमध्ये हे 'दो' अजूनही ऐकू येते. इतरत्र अव्यय गळून गेले आणि त्याने केलेला बदल तेवढा मागे राहिला, म्हणून आज शब्दाच्या आरंभीचा हा मृदूपणाच भूतकाळाची खूण झाला आहे. एक जागा मात्र जपावी. कर्ता न सांगता 'चालले गेले' म्हणायचे असेल तर 'शूलद' असे रूप येते आणि त्यात आरंभ मृदू होत नाही. 'शूलद' आणि 'ह्यूलद' यांच्या लेखनात केवळ एका 'एच'चा फरक असतो, पण पहिल्याचा अर्थ 'चालले गेले' आणि दुसऱ्याचा 'चालत असे'. वर्तमानात हेच कर्ता नसलेले रूप 'शूल्तर' आहे, आणि 'या वाटेने चालतात' असे आपण कोण ते न सांगता म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नेमका पकडला जातो.

आता 'शूइल'चा 'ल' तालव्य असताना 'शूलन'चा, म्हणजे 'चालतो' या वर्तमानकाळी रूपाचा, 'ल' जाड का, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत बारीक आणि माझ्या मते सर्वांत चांगला भाग. नियमाप्रमाणे आज्ञार्थाच्या शेवटी तालव्य व्यंजन असेल तर ते पुढच्या रूपांतही तालव्यच राहते. ठेवणे या अर्थाच्या 'किर'चे 'किरन' होते, तेथे 'र' तालव्यच असतो. मग येथे तसे का नाही? कारण ही रूपे ठरली तेव्हा हा शब्द दोन अक्षरांचा होता. प्रत्यय लागला की दुसऱ्या अक्षरातला स्वर गळून पडे आणि उरलेला जाड 'ल' थेट प्रत्ययाला भिडे. आपल्या 'उंदीर'ला विभक्ती लागताच 'उंदराला' होते आणि मधला दीर्घ 'ई' नाहीसा होतो, तशीच ही प्रक्रिया आहे. पुढे 'व'ही विरघळला, गळलेल्या स्वराची जागाच उरली नाही, आणि आज नियमाला अपवाद वाटणारी ही जोडी तेवढी शिल्लक राहिली. दाखवणे या अर्थाच्या 'तशपाइन'चे 'तशपानन' होताना असाच जाडपणा येतो, त्यामुळे हा अपवाद अगदी एकटा नाही.

येथे एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. शाळेत प्रमाण आयरिश शिकवतात आणि तेथे भविष्यकाळ 'शूल्ही' असा होतो. लेखनात 'एफ' असतो, पण तो 'ह'सारखा उच्चारतात आणि बोलीनुसार तोही पुसट होतो. जुन्या छापील पुस्तकांत मात्र दुसऱ्या गणातल्या क्रियापदांसारखा, दीर्घ 'ओ' असलेला भविष्यकाळही आढळतो, कारण दोन अक्षरी धातूंचा गण तोच होता. मुलगी गॉलवेत आहे म्हणजे तिच्या कानावर पश्चिम गॉलवेतल्या कोनमारा भागाची बोली पडणार, आणि शिक्षक मन्स्टरचे असतील तर काही रूपे वेगळी ऐकू येतील. परीक्षेत प्रमाण रूप लिहावे, पण घरी किंवा बाहेर ऐकलेले रूप चुकीचे म्हणून खोडू नये. फोरस ना गेल्गे या संस्थेच्या कोशसंकेतस्थळावर तिन्ही मुख्य बोलींतले उच्चार ऐकायला मिळतात, ते शेजारी ठेवून ऐकले की बराच संभ्रम मिटतो.

'काय चालले आहे?' या प्रश्नाकडे आता येते. आयरिशमध्ये 'कद अता अर शूल?' असे विचारतात. 'अर' म्हणजे 'वर', म्हणून शब्दशः 'काय चालण्यावर आहे?' सभा सुरू असेल, सामना सुरू असेल, तरी ते 'अर शूल' असते. 'चालणे'वरून 'सुरू असणे' हा अर्थ दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे घडवला आहे. तो उसना नाही आणि वारशानेही आलेला नाही. 'अर'चे मात्र नाते खरे आहे. जुन्या आयरिशमध्ये येथे 'फोर' असे अव्यय होते, आणि ते ज्या मुळाचे आहे त्याच मुळापासून संस्कृत 'उपरि' आणि आपले 'वर' आले. या 'फोर'मुळे पुढचे व्यंजन मृदू होत नसे, म्हणून स्थिती सांगणाऱ्या जुन्या पदबंधांत आजही 'अर शूल' असे कठीण 'श'नेच म्हणतात. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात 'अर ह्यूल' असे मृदू रूपही आहे, आणि त्याचा अर्थ 'निघून गेलेला' असा वेगळा होतो. 'ता शे अर ह्यूल' म्हणजे तो येथे नाही, गेला.

मराठीचा आधार कोठे सोडायचा हेही सांगायला हवे, कारण आपले 'चालणे' फार पसरलेले आहे. आपण 'मी घरी चाललो' म्हणतो तेव्हा आपण निघालेलो असतो, कदाचित गाडीनेही. आयरिशमधले 'ह्यूइल मे अवाल्य' हे मात्र 'मी पायी घरी आलो' एवढेच सांगते, आणि निघाल्याचे सांगायला 'इमाख्त' हा वेगळा शब्द लागतो. घड्याळ चालते, दुकान चालते, होकारार्थी 'चालेल' म्हणतात, यांतल्या कशालाही 'शूइल' वापरता येत नाही. घड्याळासाठी काम करण्याचा शब्द येतो आणि 'चालेल'साठी 'क्यार्त ग ल्योर', म्हणजे 'पुरेसे ठीक', असे म्हणतात. उलट दिशेनेही एक फरक आहे. 'शूइल' सकर्मक होऊन 'जग हिंडणे', 'मुलूख पालथा घालणे' असा अर्थ देते, आणि 'बीन शूलख श्केलख' ही म्हण त्यातूनच आली आहे: जो हिंडलेला असतो त्याच्यापाशी गोष्टी असतात.

नामाची षष्ठी 'शूइल' अशीच होते, आज्ञार्थासारखी. त्यामुळे 'बाता शूइल' म्हणजे चालण्याची काठी, 'ब्रोगा शूइल' म्हणजे चालायचे बूट, आणि 'लुख्त शूइल' म्हणजे चालण्याचे लोक. हे शेवटचे नाव आयर्लंडमधल्या भटक्या ट्रॅव्हलर समाजाचे आहे, ज्याला १ मार्च २०१७ रोजी आयरिश शासनाने स्वतंत्र वांशिक समूह म्हणून मान्यता दिली. याच 'शूल'पासून 'शूलोज', म्हणजे पायी फेरफटका, आणि 'शूलोर', म्हणजे चालणारा, हे शब्द झाले. दुसरा शब्द भटक्या भिक्षेकऱ्याच्या अर्थाने आयर्लंडच्या इंग्रजीतही उतरला. डब्लिनला गेलात तर लिफी नदीच्या उत्तर काठावर बॅचलर्स वॉकची पाटी पाहा. तिच्यावरचे आयरिश नाव 'शूलान'ने सुरू होते, तोही याच घरातला शब्द.

शेजारच्या बहीणभाषांत हे नाम थोडे वेगळे वागते. मॅन बेटावरच्या मॅन्क्समध्ये ते 'शूल'च राहिले आहे, लेखन तेवढे इंग्रजी वळणाचे. स्कॉटिश गेलिकमध्ये जुने 'भ'युक्त लेखन टिकून आहे आणि उच्चार 'शुअल' असा दोन अक्षरी आहे, पण रोजच्या चालण्यासाठी पायाच्या 'कस' या शब्दावरून घडलेले क्रियापद वापरतात आणि 'शुअल' प्रवासाकडे झुकते. तेथे 'ह्युअल ए' म्हटले तर त्याचा अर्थ 'तो वारला' असाही होतो. म्हणून स्कॉटलंडमधले एखादे पुस्तक मुलीच्या हाती लागले, तर तेथला हा शब्द आयरिश समजून वाचू देऊ नका.

जुनी आयरिश पुस्तके वाचताना मात्र उपाय सोपा आहे. या शब्दात 'ब'वर टिंब किंवा 'ब'नंतर 'एच' दिसला की तो वगळून दीर्घ 'ऊ' म्हणावा, आणि पॅट्रिक डिनीन यांच्या १९२७ च्या कोशात शब्द शोधताना तो पुन्हा घालून शोधावा; तेथे क्रियापद आज्ञार्थात दिलेले नसते, 'मी चालतो' या प्रथमपुरुषी रूपात दिलेले असते.